सिक्स फीट अंडर : नेटला शेवटाच्या तीन भाग आधीच का मारलं? (रहस्यभेद आहे, जपून)

निळी शाई

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं. पुढे सगळं फोडलेलं आहे.

ओळख थोडक्यात. अ‍ॅलन बॉलची ही मालिका एचबीओवर ३ जून २००१ ला सुरू झाली आणि २१ ऑगस्ट २००५ ला संपली. पाच सीझन, ६३ भाग. लॉस एंजेलिसमधल्या फिशर कुटुंबाचा अंत्यसंस्कारांचा धंदा. तळघरात मयत तयार करायचं, तळमजल्यावर दर्शनाला ठेवायचं, आणि वर घरच्यांनी राहायचं. पहिल्याच भागात, ख्रिसमसच्या आदल्या दिवशी, वडील नॅथॅनिएल नवी कोरी शववाहिका चालवताना सिगरेट पेटवायच्या नादात बसच्या धडकेत जातात. थोरला नेट सिएटलहून सुटीपुरता आलेला असतो, तो कायमचा अडकतो. मधला डेव्हिड सगळं निमूट सांभाळणारा, समलिंगी आहे हे घरात सांगू न शकलेला. धाकटी क्लेअर शाळेत. आई रूथ.

आता मुद्दा. या मालिकेचं नाव निघालं की सगळे शेवटच्या सहा-सात मिनिटांबद्दल बोलतात. क्लेअर गाडी घेऊन न्यूयॉर्कला निघते, सिया या गायिकेचं गाणं लागतं आणि एकेकाचं मरण दिसत जातं. टीव्हीवरचा सर्वोत्तम शेवट वगैरे. मला तो गोड वाटतो. बहुतेक जण पिकल्या वयात आपल्या माणसांत जातात, पांढऱ्या पडद्यावर नाव आणि दोन सालं उमटतात, हिशेब मिटतो. प्रेक्षक पोटभर रडतो आणि हलका होऊन झोपतो.

याउलट पाचव्या सीझनचे १० आणि ११ हे भाग. नेट नवव्या भागात मरतो. त्यानंतर या घराला, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुःखाला खुर्च्या मांडल्या, काही म्हणता काही जमत नाही. कुणी कुणाला धीर देत नाही, उलट एकमेकांचे लचके तोडतात. माझ्या मते हे दोन भाग म्हणजेच मालिका. बाकीची तयारी होती.

प्रश्न असा की नेटला शेवटच्या भागात मारून रडवणं किती सोपं होतं. मग तीन भाग आधीच का मारलं? तुम्हाला काय वाटतं?

तिरपागडा

पहिला! मालिका पाहिलेली नाही, पण मत आहे. नट सुट्या मागत असणार.

बोरीबंदर

गोड?? डेव्हिडचा जोडीदार कीथ पैशांच्या गाडीवरच्या दरोड्यात गोळ्या खाऊन मरतो. डेव्हिड घरच्यांबरोबर सहलीला बसलेला असताना त्याला तरणा कीथ दिसतो आणि तो तिथेच कोसळतो. नेटची बायको ब्रेंडा, तिचा भाऊ बिली बोलतच राहतो आणि ती ऐकता ऐकता जाते. (हे मरण मला अतिशय पटलं. आमच्याकडे असे एक काका आहेत.) तुम्ही गोड कशाला म्हणताय ते कळलं नाही.

आणि शेवटचा भाग सुरू कसा होतो हे तुम्ही सोयीस्कर विसरलात. मालिकेतल्या प्रत्येक भागाच्या सुरुवातीला कुणीतरी मरतं, हा एकच भाग जन्माने सुरू होतो. नेट आणि ब्रेंडाची मुलगी विला, अपुऱ्या दिवसांची, इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवलेली. बाप नाही, मूल जगेल की नाही माहीत नाही. यात गोड काय आहे?

जाता जाता. रूथच्या नावाखाली १९४६–२०२५ असं लिहून येतं. २००५ साली पाहिलं तेव्हा ते विज्ञानकथेतलं साल वाटलं होतं. परवा पुन्हा पाहताना लक्षात आलं की रूथ गेली.

सोनटक्का

रूथ गेली :( हे वाचून खरंच चमकले.

शीर्षकसंगीत सुरू असताना कावळा दिसतो आठवतंय का? थॉमस न्यूमनची ती टुणटुण धून, एकमेकांपासून सुटणारे दोन हात, टेकडीवरचं एकटं झाड आणि मध्येच तो कावळा. माझ्या सासूबाई शेजारी जपमाळ घेऊन बसल्या होत्या. कावळा दिसल्याबरोबर म्हणाल्या, "चला, शिवला. उठा आता, पानं घ्या." त्यानंतर प्रत्येक भागाला आमच्या घरात "शिवला का गं?" अशी विचारणा व्हायची. मालिकेची भाषा कळत नसूनही त्यांनी दोन सीझन पाहिले. रूथ स्वयंपाकघरात आली की त्या माळ थांबवायच्या.

रिकामटेकडा

हहपुवा. सासूबाईंना साष्टांग.

एडिसनकर

आमच्याकडच्या अनुभवावरून थोडं. इथे न्यू जर्सीत सासरे गेले तेव्हा पहिल्यांदा फ्युनरल होमची पायरी चढलो. मालिका आधी पाहिलेली होती म्हणून आतलं सगळं ओळखीचं वाटत होतं: जाड गालिचा, हलक्या आवाजातलं बोलणं, जागोजागी टिश्यूचे डबे. समोरचा माणूस अगदी डेव्हिडसारखा, दोन्ही हात पुढे बांधून मान किंचित कललेली. त्याने छापील दरपत्रक पुढे ठेवलं. हे द्यावंच लागतं, १९८४ पासून केंद्र सरकारचा नियम आहे. त्याआधी म्हणे एकच ठोक आकडा सांगायचे आणि रडणारा माणूस घासाघीस करत नाही यावर धंदा चालायचा.

आमच्या गुरुजींनी तुळस, गंगाजल, पिंड, सगळं रीतसर केलं. कापूर मात्र पेटवायचा नाही, वर धुराचा भोंगा आहे. देह पुठ्ठ्याच्या पेटीत. शेवटी भट्टीजवळ दोघा-तिघांना सोडतात. अग्नी म्हणजे एक बटण. माझ्या मेहुण्याने ते दाबलं आणि हात तसाच धरून राहिला, सोडेना. तिथल्या माणसाने अगदी हळू सांगितलं, सर, एकदाच दाबायचं असतं.

दुसरा धक्का अस्थींचा. आपण तिसऱ्या दिवशी राख सावडतो, हाडं वेचतो. इथे भट्टीतून निघालेली हाडं यंत्रात दळतात आणि बारीक भुकटी करून डब्यात देतात. सासूबाईंनी डबा उघडला, बोटांनी चाचपून पाहिलं आणि म्हणाल्या, "यात ते कुठे आहेत?" पुढे नाशिकला रामकुंडावर विसर्जन केलं तेव्हा तिथल्या गुरुजींनी काही विचारलं नाही. परदेशातून बरेच येत असावेत.

मालिकेबद्दल एवढंच म्हणेन की ते घर, तो धंदा अतिशय नेमका दाखवलाय. पहिल्या सीझनमध्ये ती क्रोनर नावाची मोठी कंपनी फिशरांना गिळायला बघते ना, तेही हवेतलं नाही. नव्वदच्या दशकात मोठ्या कंपन्यांनी अशी घरगुती फ्युनरल होम्स धडाधड विकत घेतली आणि दारावरची पाटी जुन्याच कुटुंबाची ठेवली. गिऱ्हाइकाला वाटतं आजोबांपासूनचे ओळखीचे लोक आहेत.

खोडरबर

अ‍ॅनाटॉमीत उमेदवारी केली आहे म्हणून तळघराबद्दल लिहिते. जेवताना वाचू नका.

एम्बामिंगचं, म्हणजे देह टिकवण्याचं, दृश्य बऱ्यापैकी खरं आहे. मानेजवळच्या धमनीतून फॉर्मालिनचं द्रावण आत, शेजारच्या शिरेतून रक्त बाहेर. पापण्यांखाली टोप्या, जबडा आतून शिवलेला. फिशरांकडे कामाला असलेला रिको जे करतो ते त्यापुढचं, म्हणजे अपघातात चेंदामेंदा झालेला चेहरा फोटो पाहून पुन्हा उभा करायचा. ती खरोखर वेगळी कला आहे. पिठाच्या यंत्रात सापडून तुकडे झालेला माणूस जोडायचा भाग आठवतो का? त्याचा पाय क्लेअर पळवते आणि शाळेत एका पोराच्या लॉकरमध्ये ठेवते. त्या भागाला मी हसले होते, त्यावरून घरात वाद झाला.

अमेरिकेत हे इतकं का रुजलं त्याचं मूळ तिथल्या यादवी युद्धात आहे. मेलेले सैनिक रेल्वेने गावी पोचवायचे तर टिकवणं भाग होतं. मग १८६५ मध्ये लिंकनचा देह वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डला गावोगावी दर्शन देत गाडीने गेला आणि लोकांनी पाहिलं की असं करता येतं. कायद्याने सहसा सक्ती नाही, चालत आलंय म्हणून चालतं. आपल्याकडे सकाळी गेला तर दुपारी वैकुंठ, त्यामुळे प्रश्नच येत नाही. आमच्याकडे एम्बामिंगला यायचे ते बहुतेक विमानाने न्यायचे देह.

आणि नेटच्या डोक्यातलं ते एव्हीएम म्हणजे ट्यूमर नव्हे (दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी तसं लिहिलं होतं). धमनी आणि शीर यांच्यामध्ये केशवाहिन्यांचं जाळं असतं, ते नसतं आणि दोन्ही थेट एकमेकींत गुंतलेल्या असतात. दाब सहन न होऊन कधीही फुटू शकतं, किंवा जन्मभर काहीच होत नाही. पहिल्या सीझनच्या शेवटी त्याला हे कळतं, म्हणजे लेखकाने चार वर्षं आधी बंदूक भिंतीवर टांगून ठेवली होती. निळी शाई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. नेट कधीही जाणार हे आपल्याला माहीत होतं. कधी, एवढंच उरलं होतं.

कार्गोवाला

खोडरबर ताईंना दुजोरा. सांताक्रूझ-सहारला एअर कार्गोत बरीच वर्षं काढली. शवपेटीच्या कागदांवर 'एचयूएम' असा कोड असतो. एम्बामिंगचा दाखला, मृत्यूचा दाखला, पोलिसांची ना हरकत, पेटी सीलबंद असल्याचा दाखला. एक कागद कमी असला तर पेटी हलत नाही. आंबा, मासळी आणि एचयूएम लांब लांब ठेवायचे एवढं पहिल्याच दिवशी शिकवलं.

घरचे लोक बाहेर उभे असतात. ते रडत नाहीत, कागद धरून उभे असतात. तुमची मालिका पाहिली नाही, पण हा धागा वाचून बघावी म्हणतो.

तिरपागडा

कार्गोवाले दादा, बघू नका, तुमच्यासाठी ते ओव्हरटाइम होईल.

कुंपणावरचा

एक विरोधी मत नोंदवतो. मला ही मालिका फार आत्ममग्न वाटली. खाऊनपिऊन सुखी घर, प्रत्येकाला एक थेरपिस्ट, प्रत्येक भागात मेलेला माणूस उठून यांच्याशी गप्पा मारतो आणि मग यांना स्वतःबद्दल काहीतरी उमगतं. म्हणजे मेला कोण, बोध कोणाला! चौथ्या सीझनमधला नेटच्या पहिल्या बायकोचा, लिसाचा उलगडा तर सरळ आपल्या दुपारच्या मालिकांच्या वाटेने गेला. बेपत्ता बायको, समुद्रात सापडलेला देह, मेहुण्याशी संबंध, मेहुणा गोळी झाडून घेतो. फक्त तीन वेळा कॅमेरा फिरवून धडाम्-धडाम् संगीत टाकायचं बाकी होतं.

नेट हा तर मला कधीच सहन झाला नाही. सगळ्यांना जगण्याचे धडे देणार आणि स्वतः बायको गरोदर असताना सावत्र बापाच्या मुलीबरोबर.

सोनटक्का

आपल्या मालिकांत तो मेहुणा प्लास्टिक सर्जरी करून परत आला असता. फरक आहे हो.

निळी शाई

कुंपणावरचा, लिसाच्या प्रकरणाबद्दल सहमत, तो भाग घसरलाच. पण मेलेल्यांच्या गप्पांबद्दल नाही. ती भुतं नाहीत. नीट पाहा, मेलेला माणूस समोरच्याला आधीच ठाऊक नसलेली एकही गोष्ट सांगत नाही. वडील नॅथॅनिएल तर मेल्यावर जितके बोलतात तितके जिवंतपणी बोलले नसावेत. मुलं आपापला बाप बनवून घेतात, नेटचा वेगळा, डेव्हिडचा वेगळा. पहिल्या सीझनमध्ये नेटला कळतं की वडिलांनी एका हॉटेलच्या मागच्या बाजूची खोली गुपचूप स्वतःसाठी ठेवली होती. तिथे ते काय करायचे, कुणाला माहीत नाही. नेट ते कल्पनेत भरून काढतो आणि आपण बघतो ती फक्त त्याची कल्पना. माणूस गेल्यावर हेच उरतं, रिकामी खोली आणि आपले अंदाज.

आणि नेट आवडायला हवा असं कुठे आहे? तो न आवडणं हेच तर ब्रेंडाचं दुखणं आहे. त्या सावत्र बापाच्या मुलीकडे, मॅगीकडे कोसळतो, इस्पितळात शुद्धीवर येतो, बायकोला सांगतो की आता आपलं संपलं, आणि त्याच रात्री मरतो. सोडून जातो असं सांगून मेलेल्या नवऱ्याची विधवा व्हायचं म्हणजे काय! भांडण अर्धं राहिलं आणि समोरचा उठून गेला. पुढचे तीन भाग ती त्याच्याशी भांडतेच आहे.

रिकामटेकडा

कोसळण्याआधीचे त्याचे शब्द "नार्म" हे विसरू नका. 'नंब आर्म', म्हणजे हात बधिर झालाय म्हणायचं होतं. इंटरनेटवर पुढे गंभीर प्रसंगी हसू येण्याला हा शब्दच पडला. मीही हसलो होतो आणि नंतर दोन मिनिटांनी फार वाईट वाटलं.

अवांतर: रूथचं काम करणारी फ्रान्सिस कॉन्रॉय १९५३ ची आणि नेट झालेला पीटर क्राउझ १९६५ चा. आई मुलापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आपल्याकडे चालतं ते तिकडेही चालतं.

भाकरतुकडा

मोतीबिंदूवाल्या डॉक्टरांची बायको या नात्याने शंका: क्लेअर २०८५ साली शंभरी ओलांडून जाते तेव्हा तिचे डोळे पार पांढरट झालेले दाखवलेत. २०८५ मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन बंद झालंय का? आमचे हे मालिका बंद करून उठूनच गेले. म्हणे कॅम्पला नेलं असतं तर वाचली असती.

बोरीबंदर

=)) =)) डॉक्टरांना सांगा, त्या पांढऱ्या डोळ्यांवरूनच कॅमेरा तरुण क्लेअरच्या डोळ्यांवर येतो. ऑपरेशन केलं असतं तर दृश्य गेलं असतं.

एडिसनकर

वर राहिलं. मालिका सुरू झाली तेव्हा अमेरिकेत साधारण चारांत एक दहन व्हायचं, बाकी पुरणं. आता निम्म्याहून जास्त दहनं होतात. म्हणजे फिशरांचा पेट्यांचा धंदा तसाही बसला असता.

मधुमालती

मी इथे फारसं लिहीत नाही, वाचते. माझे मिस्टर एप्रिल २०२१ मध्ये गेले. इस्पितळाच्या गेटवर पीपीई घातलेल्या माणसाने लांबून बॅगेची चेन थोडी खाली करून चेहरा दाखवला. शववाहिनी गेली. मी आणि मुलगा रिक्षाने मागे गेलो, तर आत सोडलं नाही. पावती मिळाली.

ही मालिका मुलाने लावून दिली, मला आवडेल म्हणून नव्हे, त्याला स्वतःला बघायची होती. दहाव्या भागात नेटला जंगलातल्या राखीव जागेत पुरतात. पेटी नाही, एम्बामिंग नाही, नुसता कापडात गुंडाळलेला देह. घरचेच फावडी घेऊन खड्डा बुजवतात. घाम येतो, कपडे मळतात, कुणी काही बोलत नाही. ते बघताना मला नेट, ब्रेंडा कुणाचं काही वाटलं नाही. मला हेवा वाटला. त्यांना करायला मिळालं.

तेव्हा नेटला आधी का मारलं, तर मला वाटतं खड्डा बुजवायला वेळ हवा होता म्हणून.

सोनटक्का

मधुमालती, काय लिहू.

खोडरबर

__/\__

मधुमालती

हात जोडू नका गं. मालिकेवर बोला. मला डेव्हिडला तो लाल टोपीवाला का दिसतो ते कुणीतरी नीट सांगा, मुलगा सांगतो ते पटत नाही.

बोरीबंदर

मी सांगतो. चौथ्या सीझनमध्ये, २००४ सालचा भाग, डेव्हिड वाटेत एकाला लिफ्ट देतो. तो माणूस त्याला बंदुकीच्या धाकावर रात्रभर शहरात फिरवतो, मारतो, अंगावर पेट्रोल ओततो, तोंडात बंदूक घालतो. एरवी या मालिकेत पाच-सहा कथानकं एकमेकांत विणलेली असतात. त्या भागात मध्यावर बाकीची सगळी कथानकं सुटतात आणि आपण डेव्हिडबरोबर गाडीत कोंडले जातो. तेव्हा यावर प्रेक्षक खूप चिडले होते.

डेव्हिड नंतर त्याला तुरुंगात भेटूनही येतो. वाटतं संपलं. नेट गेल्यावर ते सगळं परत वर येतं. लाल टोपी घातलेली, चेहरा न दिसणारी आकृती त्याला जिथे तिथे दिसते, त्यापायी तो मुलांसमोरही भेदरतो आणि कीथला त्याला आईकडे पाठवावं लागतं. शेवटच्या भागात तो त्या आकृतीशी झटापट करतो, टोपी मागे सारतो तर आत स्वतःचाच चेहरा. मुलगा हेच सांगत असणार. तुम्हाला यातलं काय पटत नाही?

मधुमालती

स्वतःचा चेहरा हे. भीती वाटते ती आपलीच, असं म्हणायचंय ना त्यांना? माझी भीती माझी नव्हती. ती बाहेरून आली होती, त्या वर्षी सगळ्यांच्याच घरी आली होती. असो. डेव्हिडचं काम करणारा मुलगा छान आहे.

तिरपागडा

मायकल सी. हॉल. पुढे तोच 'डेक्स्टर'मध्ये खुनी झाला. म्हणजे आधी मयतं सजवायचा, मग पुरवायला लागला. (हो, आता बघायला सुरुवात केली आहे. हसू नका.)

कुंपणावरचा

मधुमालतींच्या प्रतिसादानंतर आधीचं माझं वाचलं. मत तेच आहे, पण एक भाग वगळतो: दुसऱ्या सीझनमधली ती एकटी बाई, एमिली प्रेव्हिन. घरी एकटी जेवताना घास अडकून मरते. कुणी चौकशीला येत नाही. नातेवाईक नाहीत, मैत्रीण नाही. फिशरांकडे देह येतो आणि रूथ अस्वस्थ होते, कारण तिला त्या बाईत आपण दिसतो. शेवटी चर्चमध्ये प्रार्थनेला फिशर मंडळीच बसतात, अनोळखी बाईचे सोयरे होऊन. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक आजी अशाच गेल्या. वास आला तेव्हा कळलं. समितीची बैठक झाली, त्यात पहिला विषय जिना धुण्याचा होता. त्या भागात आत्ममग्नता नाही, तेवढं मान्य.

गावठी_वाघ

उशिरा आलोय, सगळे प्रतिसाद वाचून काढले. मूळ प्रश्नावर येतो, कारण धागा अंत्यसंस्कार, विमानतळ, मोतीबिंदू असा फिरून आला.

पहिला भाग पुन्हा बघा. बापाचं दफन. कबरीवर माती टाकायला डेव्हिड एक छिद्रांची डबी देतो, मीठ भुरभुरवतात तशी. हात मळू नयेत म्हणून. नेट भडकतो. तो सिसिलीतली आठवण सांगत असतो: एका बेटावर शवपेटी उतरवतात, काळ्या कपड्यांतल्या बाया ऊर बडवून रडतात, पेटीवर तुटून पडतात. आणि इथे? इथे रडू आवरेना झालं की माणसाला हळूच पडद्यामागच्या खोलीत नेतात, बाकीच्यांना त्रास नको. नेट ती डबी नाकारतो आणि मुठीत माती घेऊन टाकतो. मग रूथ. बातमी आली तेव्हा ती स्वयंपाकघरात फोन आपटते आणि डेव्हिडला सांगते की तुझे वडील गेले आणि माझं मटणही वाया गेलं. (मटण नसेल, ओव्हनमधला मांसाचा मोठा तुकडा होता, आपण मटण धरू.) ती रूथ नेटपाठोपाठ गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी माती ढकलते. डेव्हिड बाजूला उभाच.

तर नेटची पहिल्या भागातली मागणी एवढीच होती की माणूस गेला की हात मळू द्या. पाच वर्षं तो स्वतः त्या धंद्यात शिरून तीच डबी लोकांना देत राहिला, सूट घालून, मान कलवून. आणि तो मेल्यावर घरच्यांनी त्याची मागणी पुरी केली. खड्डा, कापड, फावडी. बापाचं दफन एका भागात उरकलं होतं, चाळीसेक मिनिटांत. पुढच्या आठवड्यात सगळे मृत्युपत्रावर बोलायला लागले. मुलाला मात्र तीन भाग लागले. शेवटच्या भागात मारलं असतं तर पुन्हा डबीच झाली असती, थोडी भुरभुरवली, संगीत, संपलं.

आणि त्या दफनाच्या भागात डेव्हिड काय करतो पाहिलंत? ज्याला हे काम सगळ्यांत चांगलं येतं, तोच कोसळतो.

खोडरबर

वा. पहिला भाग पुन्हा लावते आजच.

त्यात आणखी एक: नेट कोसळला त्या रात्री रूथ डोंगरात गेलेली असते आणि तिचा ठावठिकाणा कुणालाच लागत नाही. ती परतते तेव्हा मुलगा गेलेला. नवऱ्याच्या वेळी बातमी फोनवर, मुलाच्या वेळी फोन लागतच नाही. दोन्ही वेळा तिच्या आधी बाकी सगळ्यांना कळलेलं असतं किंवा तिलाच सगळ्यांना कळवावं लागतं. आई होण्यातला हा भाग फारसा कुणी लिहीत नाही.

निळी शाई

गावठी_वाघ, डबीचं मला आठवत होतं, पण दोन्ही टोकं अशी जोडली नव्हती. मस्त.

मात्र शेवटच्या सहा-सात मिनिटांबद्दल मत बदलत नाही, उलट तुमच्यामुळे घट्ट झालं. डबी तर तिथेच परत आली की! तारखा पांढऱ्या पडद्यावर भुरभुरवल्या. बोरीबंदर आता भडकतील.

बोरीबंदर

भडकलोच. निघण्याआधी क्लेअर घरच्यांचा फोटो काढायला कॅमेरा उचलते तेव्हा नेट तिच्या कानाशी म्हणतो की याचा फोटो काढता येणार नाही, हे केव्हाच गेलं. तरी ती काढते. मग गाडीच्या आरशात नेट धावताना दिसतो, मागे पडत जातो आणि ती गाडी थांबवत नाही. याला डबी म्हणणार? डोळ्यांदेखत माणूस मागे टाकून गाडी चालवायची हे काय कमी हात मळवणं आहे? आणि ज्यांच्या तारखा दिसतात ते सगळे आपण पाच वर्षं सांभाळलेले लोक आहेत. दर आठवड्याला अनोळखी नावाखाली सालं बघायची सवय लावली आणि शेवटी तीच पाटी घरच्यांच्या नावाने लावली. गोड म्हणे!

सोनटक्का

सासूबाईंना विचारलं शेवट कसा वाटला. त्या म्हणाल्या, "रूथला बरं झालं, पोरं जवळ होती." आणि मग, "ती मधली बाई, भाऊ बडबड करतो ती, तिला पाणी कुणी दिलं नाही." एवढ्यावर चर्चा संपली.

मधुमालती

सोनटक्का, सासूबाईंना भेटायला यायचं आहे. पत्ता व्यक्तिगत निरोपात टाक.

नवखा_प्रवासी

छान धागा. मी सध्या दुसऱ्या सीझनला आहे. नेट मरतो?

तिरपागडा

नाही नाही. सुट्या मागत होता.